जुनं घर घेतोय, सेलर होम वॉरंटी देतो म्हणतोय, घ्यावी का?

चकलीपात्र (सोमवार, रात्री १०.४२)

मंडळी नमस्कार. खूप दिवसांनी धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवा प्लीज.

आम्ही डॅलसच्या वर प्लेनोला घर घेतोय. रिसेल आहे, १९९६ चं बांधकाम, चार बेडरूम, मागे पेकानचं मोठं झाड (नवरा झाडावर भाळला, घर मी बघितलं). ऑफर मान्य झालीये, ऑप्शन पिरियड (म्हणजे सौद्यातून बाहेर पडायची मुभा असलेले दिवस) ७ दिवसांचा, त्यातले ४ गेले. शनिवारी इन्स्पेक्शन झालं, ५८ पानी रिपोर्ट आलाय आणि तो वाचल्यापासून घरात सुतक पडल्यासारखं वातावरण आहे. तसं सगळं चालू आहे पण वरच्या मजल्याचा एसी २००८ चा, वॉटर हीटर २०११ चा आणि तोही अटिकमधे (छताखालच्या माळ्यावर), डिशवॉशर कधीचा ते देव जाणे. इन्स्पेक्टरने प्रत्येकापुढे एकच वाक्य लिहून ठेवलंय, चालतंय पण आयुष्य संपत आलंय. माझ्या गुडघ्यांचा रिपोर्ट पण असाच येईल.

एसीपोटी ६००० डॉलर क्रेडिट, म्हणजे तेवढी सूट मागायचं ठरवलं तर आमचा एजंट म्हणाला सेलर पैसे सोडणार नाही पण ६५० पर्यंतची होम वॉरंटी घेऊन देईल, मग वर्षभर काहीही बिघडलं तरी एक फोन केला की झालं. हे ऐकायला इतकं गोड वाटतंय की म्हणूनच शंका येतेय. इन्शुरन्स तर लोनसाठी घ्यावाच लागतोय, मग हे वेगळं काय असतं? कोणी वापरलीये का, एसी खरंच बदलून देतात का? जरा लवकर सांगा, गुरुवारी संध्याकाळी ५ ला ऑप्शन संपतोय.

अण्णा_एडिसन (सोमवार, रात्री १०.५५)

घेऊ नका. पैसे तुमचे असोत की सेलरचे, पाण्यात. २१ वर्षं काढलीत या देशात.

कोकणी_मेवा (सोमवार, रात्री ११.०३)

अण्णा तुम्ही एअर फ्रायरच्या धाग्यावर पण हेच लिहिलं होतं (हलके घ्या). आमचा अनुभव चांगला आहे, उद्या सविस्तर टंकतो, आत्ता मुलगी झोपत नाहीये.

रानजाई (सोमवार, रात्री ११.३०)

मी ऑस्टिनला असते, रिअल इस्टेटचं लायसन्स आहे हे आधीच सांगून टाकते. चकली, तुझा एजंट खोटं बोलत नाहीये पण अर्धंच बोलतोय.

नावात वॉरंटी असलं तरी ही कुठल्या कंपनीच्या मालाची गॅरंटी नव्हे आणि इन्शुरन्सही नव्हे. झाड पडलं, आग लागली, पाईप अचानक फुटून खालचा लाकडी फ्लोअर भिजला की ते इन्शुरन्सचं खातं, आणि त्यातही भिजलेला फ्लोअर ते बघतात, फुटलेला पाईप मात्र सहसा तुमचा तुम्हीच बदलायचा. वापरून झिजलं, म्हातारं झालं, एक दिवस बंद पडलं की ते होम वॉरंटीचं खातं. टेक्सासच्या कायद्यात याला रेसिडेन्शियल सर्व्हिस काँट्रॅक्ट म्हणतात, म्हणजे आपल्याकडे वॉटर फिल्टरचं एएमसी असतं ना, तेच सगळ्या घराचं. या कंपन्यांना इथे लायसन्स लागतं, आधी ते काम ट्रेककडे म्हणजे रिअल इस्टेट कमिशनकडे होतं, सप्टेंबर २०२१ पासून टीडीएलआर नावाच्या खात्याकडे गेलंय. कॅलिफोर्नियात हेच इन्शुरन्सवालं खातं बघतं. म्हणून दुसऱ्या राज्यातले सल्ले ऐकताना थोडं मीठ घालून ऐकायचे (अण्णा, तुम्हाला नाही म्हणत).

पैशाचं म्हणशील तर वर्षाला साधारण ४०० ते ७००, पूल वगैरे जोडला की वर. शिवाय माणूस घरी आला की दर खेपेला ७५ ते १२५ तू द्यायचे, एसीवाल्याचे वेगळे, प्लंबरचे वेगळे. आणि प्रत्येक वस्तूला वरची मर्यादा असते, ती पत्रकावर मोठ्या अक्षरात कधीच नसते.

आता तुझ्या घरखरेदीच्या काँट्रॅक्टमधे पॅराग्राफ ७ एच काढ. सेलर वॉरंटीपोटी जास्तीत जास्त किती परत देईल ती रक्कम तिथे भरतात, आणि तिथेच लिहिलेलं असतं की हे घेणं ऐच्छिक आहे आणि असं कव्हर दुसऱ्या कंपन्यांकडेही मिळतं. म्हणजे कंपनी तू निवडायची, सेलरने नाही, एजंटने तर नाहीच. २०१० मधे हडने (केंद्र सरकारचं घरांचं खातं) स्पष्टच सांगितलंय की नुसतं गिऱ्हाईक पाठवलं म्हणून कंपनीने एजंटला पैसे देणं रेस्पा (घरखरेदीतल्या असल्या कमिशनवरच्या) कायद्यात बसत नाही. त्यामुळे मला यात कमिशन नाही. ऑफिसात डोनट्स मात्र येतात, ते खाल्लेत, नाकारत नाही.

हेमंतऋतू (मंगळवार, सकाळी ७.१५)

केटीला असतो, ह्यूस्टनच्या पश्चिमेला. आमची कथा ऐका आणि मग ठरवा.

घर २०२१ ला घेतलं, सेलरने वॉरंटी दिली होती, आम्ही खूष. पहिल्या वर्षी काहीच झालं नाही, दुसऱ्या वर्षी ती आपोआप रिन्यू झाली कारण कार्डचा नंबर मीच फोनवर देऊन बसलो होतो. जुलै २०२२, आईबाबा नाशिकहून आलेले, शनिवारी दुपारी अडीचच्या सुमारास छतातल्या जाळीतून गरम हवा यायला लागली. फोन केला, पाऊण तास गाणी ऐकली, मग कळलं की माणूस मंगळवारी येईल. स्वतःचा एसीवाला बोलावला तर क्लेम बाद, कारण माणूस त्यांच्याच यादीतला हवा. तोपर्यंत घरात ९४ फॅरनहाइट. आई म्हणाली गच्चीवर झोपू, तिला म्हटलं आई इथे गच्ची नसते, तर म्हणे इतके पैसे भरून गच्ची नाही? बाबांनी गराजचं दार अर्धं वर करून तिथे खुर्ची टाकली, पूर्ण सहा महिन्यांत ते सगळ्यात सुखी त्या गराजमधेच दिसले.

मंगळवारी पोरगा आला. आधी ८५ डॉलर कार्डवर घेतले, मग अटिकमधे चढला. वीस मिनिटांनी घामाने निथळत खाली आला आणि मोबाईलवर फोटो दाखवला, इव्हॅपरेटर कॉइलच्या पत्र्यांमधे करड्या रंगाची लोकर साचल्यासारखी धूळ आणि एका कोपऱ्यात तेलाचा ओला डाग. म्हणाला कॉइल लीक आहे, गॅस गेलाय, मी कंपनीला कळवतो. मला वाटलं झालं काम. दुसऱ्या दिवशी इमेल, क्लेम नामंजूर, कारण देखभालीचा अभाव. म्हणजे त्या पोराने धूळ आहे असं लिहिलं आणि कंपनीने धुळीमुळे लीक झाला असं वाचलं.

मग मी कामाला लागलो. मागच्या वर्षी एसीवाल्याकडून १२९ डॉलरला सर्व्हिसिंग केलं होतं त्याची पावती इमेलमधे सापडली, फिल्टर विकत घेतल्याच्या पावत्या सापडल्या, सगळं पाठवून अपील केलं. आठव्या दिवशी मंजूर. पण मंजूर म्हणजे काय, तर कॉइल त्यांची, बाकी सगळं माझं. गॅसचे पाउंडामागे १० डॉलर ते देणार, त्यावरचे मी. नवी कॉइल जुन्या खोक्यात बसेना म्हणून पत्र्याचं काम, ते माझं. जुनी उचलून नेण्याचे पैसे माझे. परमिट माझं. मधे एकदा फोनवरची बाई म्हणाली काम नको असेल तर रोख ७८० घ्या आणि तुमचं तुम्ही बघा. ही रक्कम त्यांना स्वतःला काम जितक्याला पडतं त्या हिशोबाने काढतात, तुम्हाला बाजारात जे पडतं त्याने नाही. मी नाही म्हटलं. शेवटी माझ्या खिशातून १३४० गेले, शिवाय ३८९ चा एक चाकावरचा एसी मधल्या दिवसांसाठी आणला तो. एकूण ११ दिवस.

आता वर्षातून दोनदा सर्व्हिसिंग करतो आणि पावती त्याच दिवशी एका फोल्डरमधे टाकतो. वॉरंटी रिन्यू केली नाही.

अण्णा_एडिसन (मंगळवार, सकाळी ७.४०)

मी दोन ओळीत हेच सांगितलं होतं.

कोकणी_मेवा (मंगळवार, सकाळी ११.२०)

हेमंतभाऊ वाईट वाटलं वाचून, पण आता आमचं ऐका. शार्लट, नॉर्थ कॅरोलायना. २०२० च्या शेवटी घेतलेलं घर, सेलरने ५७५ ची वॉरंटी दिली. क्लोजिंग झालं (म्हणजे पैसे देऊन घर नावावर झालं) तेव्हा आमच्या खात्यात किती उरले होते ते इथे लिहीत नाही, बायकोचे आईवडील हा धागा वाचतात. त्या पहिल्या वर्षात तीन गोष्टी गेल्या. सिंकखालचा डिस्पोजल (खरकटं दळणारं यंत्र), डिशवॉशरचं बोर्ड आणि थँक्सगिव्हिंगच्या आदल्या बुधवारी ५० गॅलनचा वॉटर हीटर. टाकीच गळायला लागली म्हणजे दुरुस्ती नाहीच, नवीनच लागते. शुक्रवारी बसवून दिला. व्हिजिटचे तीन वेळचे ३०० गेले आणि हीटरच्या वेळी वर ४१५ मागितले, कारण जुन्या टाकीला एक्सपान्शन टँक आणि खालचा ट्रे नव्हता, आताच्या बांधकाम नियमांप्रमाणे म्हणजे कोडप्रमाणे लागतो, आणि कोडसाठी जे वाढीव करायचं ते आमच्या प्लॅनमधे नव्हतं. तरी ७१५ मधे तिन्ही कामं झाली, बाहेरून केली असती तर २५०० च्या आत होत नव्हती, त्या वेळी मी तीन ठिकाणी विचारलं होतं.

माझं म्हणणं एवढंच की पैसे सेलरचे असतील आणि तुमची तिजोरी क्लोजिंगने रिकामी केली असेल तर पहिल्या एका वर्षापुरती वाईट नाही. मी पण दुसऱ्या वर्षी रिन्यू केली नाही.

ट्रंकेतली_गोधडी (मंगळवार, दुपारी १.०५)

सगळे घेणाऱ्यांच्या बाजूने लिहितायत, मी विकणारी. दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीतलं साउथ ब्रन्सविकचं टाउनहाऊस विकलं. आमच्या एजंटने घर लिस्ट करतानाच वॉरंटी लावली. गंमत म्हणजे तेव्हा काही भरावं लागलं नाही, क्लोजिंगला आमच्या येणाऱ्या पैशातून कापून घेतले, आणि घर बाजारात होतं तेवढा काळ आम्हालाही कव्हर होतं, अर्थात मर्यादा बारक्या. जानेवारीत ओपन हाऊसच्या आदल्या रात्री फर्नेस पेटेना, इग्नायटर गेला होता, १०० डॉलरमधे सकाळी १० ला माणूस आला. लोक गरम घरात फिरले. तेवढं काम केलं तिने.

पण आम्ही ती का दिली ते प्रामाणिकपणे सांगते. खरेदीदार ताबा घेतल्यावर तिसऱ्या आठवड्यात फ्रीज बंद पडला म्हणून आम्हाला फोन करू नये, कंपनीला करावा, म्हणून. आणि जाहिरातीत एक ओळ वाढते. एक मात्र आहे, वॉरंटी दिली म्हणून माहीत असलेला दोष लपवता येत नाही, तळघरात पाणी येतं हे माहीत असेल तर ते सांगावंच लागतं, आमच्या वकिलाने ते दोनदा बजावलं.

चकली, तुझा सेलर ६००० च्या जागी ६५० देतोय. मी त्याच्या जागी असते तर मीही हसत हसत दिले असते.

मुळशीकर (मंगळवार, दुपारी २.१०)

पुण्याहून वाचतोय (इथे रात्र झालीये). एक बेसिक प्रश्न. तिकडे नवीन घराला पण अशीच वॉरंटी विकत घ्यावी लागते का? इकडे तर बिल्डरच जबाबदार असतो ना.

अण्णा_एडिसन (मंगळवार, दुपारी ४.३०)

याला सविस्तर उत्तर देतो कारण लोक या दोन गोष्टींचा कायम काला करतात. नवीन बांधलेल्या घराची बिल्डर वॉरंटी वेगळी, तिचा आणि वरच्या सगळ्या रामायणाचा संबंध नाही. आमच्या न्यू जर्सीत १९७७ पासून कायदाच आहे, बिल्डरने नोंदणी करायची आणि घराला १० वर्षांची वॉरंटी द्यायची. पहिलं वर्ष कारागिरी आणि सामान, दुसऱ्या वर्षापर्यंत प्लंबिंग, वायरिंग, हीटिंग कूलिंग, आणि १० वर्षांपर्यंत फक्त मोठे स्ट्रक्चरल दोष. म्हणजे पाचव्या वर्षी नळ गळला तर १० वर्षांची वॉरंटी आहे म्हणून भांडायला जायचं नाही, तो नळ केव्हाच बाहेर पडला. बाकी राज्यांतले बिल्डर पण साधारण १-२-१० असंच देतात, कायदा असो नसो.

त्यात करायचं एकच काम. अकराव्या महिन्यात स्वतःच्या पैशाने इन्स्पेक्टर आणायचा आणि यादी बिल्डरला लेखी पाठवायची. आम्ही २००९ ला नवीन घेतलं तेव्हा मी हे केलं, २७ मुद्दे निघाले, त्यातले २२ त्यांनी केले. शेजारच्याने तेराव्या महिन्यात केलं, त्याच्या दारांच्या फटी अजून तशाच आहेत, हिवाळ्यात टॉवेल लावतो.

मुळशीकर (मंगळवार, संध्याकाळी ६.००)

धन्यवाद अण्णा. थोडं अवांतर होईल पण इथे विकत घेणारेही वाचत असतील म्हणून लिहितो. आपल्याकडे होम वॉरंटी विकायची पद्धत नाही पण रेरा कायद्याचं कलम १४(३) आहे. ताब्यापासून ५ वर्षांत स्ट्रक्चरचा, कारागिरीचा, क्वालिटीचा, सर्व्हिसेसचा दोष निघाला आणि तुम्ही कळवलंत तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा, नाही केला तर भरपाई. आमच्याकडे चौथ्या वर्षी बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल आली, हॉलच्या टाइल्स नाण्याने वाजवून बघितल्या तर ओळीने नऊ टाइल्स बद्द वाजल्या म्हणजे खाली पोकळ. साइट ऑफिसमधला माणूस म्हणे तुम्ही जड कपाट सरकवलं असेल. व्हॉट्सॲपवर दोन महिने गोड गोड चाललं होतं. मग इमेल केली, कलम लिहिलं, ताब्याच्या पत्राची तारीख लिहिली, खडूने नंबर घातलेल्या टाइल्सचे फोटो जोडले, तर २६ व्या दिवशी गवंडी हजर. महारेराला तक्रार करायची ५००० फी भरायची वेळ आली नाही.

कोकणी_मेवा (मंगळवार, संध्याकाळी ६.२५)

आणि मधे फ्लॅट विकला तर? माझा भाऊ बाणेरला तीन वर्षांचा रिसेल बघतोय.

मुळशीकर (मंगळवार, संध्याकाळी ६.४०)

कायद्यात अलॉटीच्या (म्हणजे फ्लॅट ज्याला दिला त्याच्या) व्याख्येतच नंतर विकत घेणारा पण धरलाय, कलम २(ड). मुदत मात्र पहिल्या ताब्यापासून चालू असते, त्यामुळे भावाला दोन वर्षं राहिली. त्याला सांगा सौदा करताना ताब्याच्या पत्राची कॉपी मागून घे, बरेच जण सोसायटीचं एनओसी मागतात आणि हे विसरतात. एसी, गीझर असल्या वस्तूंचं याच्यात काही नाही, त्याला कंपनीचं कार्ड.

चकलीपात्र (मंगळवार, रात्री ९.५०)

तुम्ही सगळे ग्रेट आहात. मी आज लंचमधे एजंटकडून त्या कंपनीचं नमुना काँट्रॅक्ट मागून घेतलं, पत्रक नाही तर खरं काँट्रॅक्ट, आधी तो म्हणाला ते क्लोजिंगनंतर येतं, मग अर्ध्या तासात आलं. १९ पानं. हिरवा हायलायटर संपला. दोन गोष्टी कळल्या नाहीत. एक, लिहिलंय की आधीपासून असलेले दोष अज्ञात असतील तर कव्हर आणि ज्ञात असतील तर नाही, पण माझ्याकडे तर ५८ पानी रिपोर्ट आहे मग माझं सगळंच ज्ञात झालं का? दोन, एसीच्या पुढे ३००० मर्यादा लिहिलीये आणि खाली बारीक अक्षरात गॅसच्या प्रकाराबद्दल काहीतरी आहे.

रानजाई (मंगळवार, रात्री १०.२०)

एकदम बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. ज्ञात म्हणजे डोळ्यांनी बघून किंवा चालू बंद करून जे कळलं असतं ते, बहुतेक काँट्रॅक्टमधे असंच लिहितात. तुझ्या रिपोर्टमधे चालतंय असं लिहिलंय हे तुझ्या बाजूचं आहे, क्लेम आला की कंपनी इन्स्पेक्शन रिपोर्ट मागू शकते आणि तिथे 'ओलावा दिसला' किंवा 'नीट थंड करत नाही' असं काही असेल तर गेलंच. म्हणजे रिपोर्ट दोन्हीकडून कापतो. एसीच्या पानावर नक्की शब्द काय आहेत ते इथे टाक.

आणि गॅसचं तर मोठंच आहे. २००८ चा म्हणजे बहुतेक आर-२२ वर चालणारा. त्याचं नवीन उत्पादन आणि आयात अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बंद आहे, आता जो मिळतो तो जुना साठा नाहीतर रीसायकल केलेला, त्यामुळे महाग. उद्या त्याची कॉइल गेली तर जुळणारी मिळणं कठीण, मग आतलं बाहेरचं दोन्ही बदलायचं, आणि कंपनी म्हणेल आमची मर्यादा ३०००, बाकी तुम्ही. बाहेरच्या युनिटला चिकटवलेली पाटी वाच, गॅसचा नंबर त्याच्यावर असतो.

हेमंतऋतू (मंगळवार, रात्री १०.४५)

रानजाईंना +१. आणि इन्स्पेक्टर हा जनरल डॉक्टर असतो, एसीचा स्पेशालिस्ट बोलव आणि लेखी कोटेशन घे. नुसतं जुना आहे म्हणून सेलर हलत नाही, कागदावर आकडा दिसला की हलतो. अजून एक, मालक बदलल्यावर उत्पादकाची वॉरंटी पुढे जाते का हे पण बघून ठेव, बऱ्याच कंपन्या १० वर्षं देतात पण त्यासाठी बसवल्यावर ठराविक दिवसांत नोंदणी केलेली लागते. २००८ वाल्याला उपयोग नाही, खालचा एसी कधीचा आहे?

चकलीपात्र (मंगळवार, रात्री १०.५८)

खालचा २०१९ चा. बघते. एसीच्या पानावर लिहिलंय की टेस्टच्या वेळी तापमानातला फरक योग्य होता. उद्या सकाळी ८ ला एक जण येतोय, ९५ डॉलर घेणार.

चकलीपात्र (गुरुवार, रात्री ८.३०)

अपडेट. एसीवाला आला, पाटीवर आर-२२ च निघालं, उन्हाने अक्षरं इतकी उडाली होती की त्याने टॉर्च तिरकी धरून वाचलं. वरची पूर्ण सिस्टिम बदलायचं लेखी कोटेशन दिलं ८२००. ते आणि पाटीचा फोटो सेलरच्या एजंटला पाठवला. बुधवारी रात्री 'नाही' असं उत्तर आलं, आज दुपारी २ वाजता २५०० ची तयारी दाखवली, आम्ही ४५०० म्हटलं, साडेचारला ३५०० वर थांबलं, क्लोजिंग कॉस्टमधे क्रेडिट म्हणून. नवऱ्याने लेंडरला फोन करून आधी विचारून घेतलं की एवढं क्रेडिट चालतं ना, कारण लोनच्या प्रकाराप्रमाणे त्याला पण मर्यादा असते. अमेंडमेंटवर सह्या ४.५२ ला. आठ मिनिटं. मला वाटतं माझं बीपी अजून खाली आलं नाहीये.

वॉरंटी सोडून दिली. हवीच असेल तर नंतर पण घेता येते ना?

रानजाई (गुरुवार, रात्री ८.४५)

अभिनंदन!! येते, पण क्लोजिंगला घेतली की त्याच दिवसापासून चालू, नंतर स्वतः घेतलीस तर साधारण ३० दिवस थांबावं लागतं आणि त्या ३० दिवसांत जे बिघडेल ते त्यांचं नाही. पहिला महिना देवाचं नाव घे.

अण्णा_एडिसन (गुरुवार, रात्री ९.१०)

अभिनंदन. आता एक होईल, लक्षात ठेवा. क्लोजिंग झालं की डीड म्हणजे खरेदीखत काउंटीच्या रेकॉर्डला जातं, ते सगळ्यांना बघता येतं, आणि दोन तीन आठवड्यांत तुमच्या लेंडरचं नाव छापलेली पत्रं यायला लागतील, शेवटची सूचना, तुमची होम वॉरंटी संपत आहे वगैरे. कागद गुलाबी नाहीतर पिवळा, सरकारी वाटावा असा. लेंडरने पाठवलेलं नसतं ते. फाडायचं.

चकलीपात्र (सात आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०.१५)

धागा वर काढतेय. राहायला आलो. अण्णा, तुमच्या भविष्यवाणीप्रमाणे आजपर्यंत पाच पत्रं आली, एक चक्क गुलाबी. मी शहाणपणाने सगळी फाडली आणि नवरा म्हणाला त्यातलं एक प्रॉपर्टी टॅक्सचं होतं, मग कचऱ्यातून काढून चिकटपट्टीने जोडलं.

एसी अजून चालतोय, ३५०० वेगळ्या खात्यात बाजूला ठेवलेत, हा उन्हाळा त्याने काढला तर आम्ही त्याला नारळ देणार. म्हणजे फोडणार. मात्र बाराव्या दिवशी डिशवॉशर बंद पडला. घरर्र असा आवाज आणि खाली पाणी साठलेलं. सासूबाई म्हणाल्या बघा, ती वॉरंटी घेतली असती तर. नवरा दोन तास यूट्यूब बघत बसला, मग तळातली जाळी उघडली तर आत आधीच्या मालकांचा छोटा स्टीलचा चमचा पंपापाशी अडकलेला. काढला, चालू झाला.

अण्णा_एडिसन (रविवार, सकाळी १०.३२)

१०० डॉलर व्हिजिटचे वाचले. आणि वर लिहून आलं असतं, बाहेरची वस्तू अडकल्याने बिघाड, कव्हर नाही.

ट्रंकेतली_गोधडी (रविवार, सकाळी १०.५०)

चमचा कसा आहे दिसायला? दांड्यावर फूल आहे का? आमच्या सेटमधला एक विकताना मिळालाच नाही.

चकलीपात्र (रविवार, सकाळी ११.०५)

तुमचं घर न्यू जर्सीत होतं हो काकू!